घरबसल्या कमाईचे आमिष

घरबसल्या ऑनलाइन कामाच्या नावाखाली भारतात जी फसवणूक सर्रास चालते, तिचा एक प्रकार ‘टास्क फ्रॉड’, म्हणजे किरकोळ कामांच्या मिषाने होणारी लुबाडणूक, या नावाने ओळखला जातो. अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सअ‍ॅप संदेश येतो, व्हिडिओ ‘लाइक’ करण्याचे किंवा एखाद्या हॉटेलला पाच तारे देण्याचे काम सांगितले जाते आणि शंभर-दीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. भामट्यांची खरी गुंतवणूक हीच, कारण विश्वास बसलेल्या माणसाला पुढे टेलिग्रामच्या गटात नेऊन ‘प्रीपेड टास्क’साठी, म्हणजे आधी पैसे भरून करावयाच्या कामासाठी, हजारो रुपये भरायला लावले जातात. बनावट संकेतस्थळावर नफ्याचे आकडे फुगत राहतात, गटातील ‘सभासद’ (बहुधा टोळीचेच हस्तक) कमाईचे स्क्रीनशॉट टाकतात आणि रक्कम काढू पाहताच कराच्या नावाखाली आणखी मागणी होते. डेटा एंट्रीच्या सापळ्यात तर करारावर सही घेऊन, मग कामात चुका काढून, वकिलाच्या नोटिशीचा धाक घातला जातो.

याउलट मसाले, शिकवणी, अनुवाद अशा खऱ्या घरगुती व्यवसायात पैसा ग्राहकाकडून येतो आणि तो सावकाश येतो. त्यासाठीची ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, मात्र तिच्याही नावाने शुल्क उकळणारी हुबेहूब संकेतस्थळे आहेत. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधीच बँकेला ते रोखता येतात.