खेळण्यातली आगगाडी हळू चालवायची कशी?



साक्री गावाला रेल्वे नाही. चाळीसगावहून धुळ्याला आगगाडी १९०० सालीच आली. पण आपल्या तालुक्यातल्या पुष्कळ मुलांना इंजिन प्रथम भेटतं ते चित्रात, नाहीतर शाळेच्या टेबलावर. पुण्याला कोथरुडात भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली खुलं झालं. सहल तिथे गेली, तर गाडी धावते कशी याबरोबर सुटते कशी आणि थांबते कशी, हेही मुलांना पाहायला सांगा. कारण आपल्या शाळेतली गाडी नेमकी तिथेच फसते. बटण थोडं फिरवलं तर ती हलत नाही. आणखी फिरवलं की उडी मारून धावते आणि वळणावर रूळ सोडते. मग ‘बिघडली’ म्हणून ती कपाटात जाते. बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते.

आधी हळू म्हणजे किती, ते ठरवू. अशा गाड्यांचं एक प्रचलित माप खऱ्या गाडीच्या ८७ व्या भागाचं असतं. खरी गाडी ताशी ६० किलोमीटर धावते, तेव्हा छोटीने सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर, म्हणजे वितीहून थोडं कमी जावं. यार्डात डबे जोडणारं इंजिन ताशी १० किलोमीटरने चालतं असं धरलं, तर छोट्याने सेकंदाला जेमतेम ३ सेंटिमीटर सरकावं.

आता ते अडतं का? रुतलेली बैलगाडी आठवा. ती हलेपर्यंत बैलांना सगळा जोर लावावा लागतो. एकदा हलली की तेवढा लागत नाही. घर्षणाचं हेच आहे. त्यात जुन्या तऱ्हेच्या नियंत्रकात विजेच्या वाटेवर नुसता रोध असतो. अडलेली मोटार जास्त वीज मागते, तेव्हाच रोध जास्त दाब खातो. चाक फिरलं की मागणी कमी होते, दाब वाढतो, आणि गाडी उधळते. म्हणजे गरज असताना उपास आणि गरज सरल्यावर मेजवानी!

यावर उपाय आपल्या पांझरेकाठच्या शेतकऱ्याला नवा नाही. फडाच्या पाटाला दिवसभर बारीक धार सोडली, तर पाणी वाटेतच जिरतं. पाळीने पाट भरून सोडलं, तर टोकाच्या वावरापर्यंत पोचतं. नवे नियंत्रक विजेची अशीच पाळी लावतात. मोटारीला पूर्ण दाब देतात, पण क्षणभर. मग बंद, पुन्हा चालू, असं सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. प्रत्येक ठोका घर्षण मोडण्याइतका जोरदार असतो, आणि एकूण वीज मात्र थोडीच जाते. मोटार हाताला फार गरम लागली, तर तिला विसावा द्या.

पण नियंत्रक आणण्याआधी फडकं घ्या. या गाडीला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते. वेगात धावताना मळाचा ठिपका ती ओलांडून जाते; हळू चालताना त्याच ठिपक्यावर थांबते. औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला लावून रूळ आणि चाकं पुसा. ते लवकर पेटतं, म्हणून वीज बंद ठेवा आणि जवळ दिवा-काडी नको. वाळूकागद घासू नका. त्याच्या ओरखड्यांत मळ जास्त बसतो. दातांना तेल सुईच्या टोकावर मावेल इतकंच द्या. ते चाकांवर आलं, तर पुन्हा मळ.

तरीही गाडी अडली, तर दातांची चाकं पाहा. कोंडाईबारीचा घाट चढताना ट्रकवाला पहिला गिअर टाकतो. आत इंजिन भराभर फिरतं, बाहेर चाकं सावकाश. छोट्या इंजिनातही मोटारीच्या फेऱ्या पुष्कळ आणि चाकाच्या फेऱ्या थोड्या, अशी दातांची योजना हवी. काही इंजिनांत मोटारीच्या दांड्यावर पितळेची जड चकती असते. कुंभाराचं चाक काठी काढल्यावरही फिरत राहतं. तशी ही चकती मळाच्या ठिपक्यावरून गाडी पार नेते. वीज घेणारी चाकं जितकी जास्त, तितकं बरं.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, उद्या वर्गात एक प्रयोग करा. रुळाच्या कडेला खडूने एक मीटर आखा. ५ सेकंदांत ते ओलांडणं सोपं आहे. न अडखळता ३० सेकंद लावता येतात का, ते मुलांना मोजू द्या. अडखळली, तर एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी रूळ पुसा, मोजा, मग चाकं पुसा, मोजा, मग तेल. गाडी कोणत्या वेळी सुधारली, ते मुलांनीच फळ्यावर लिहावं. एक सूचना मात्र पाळा: या गाड्या बहुधा १२ व्होल्टच्या असतात, घरातल्या विजेची तार थेट रुळाला कधीही जोडायची नाही.

वेगात दोष झाकले जातात, सावकाश चालीत ते उघडे पडतात. गाडीचा दोष जिथे दिसतो तिथेच मुलांचं शिकणं सुरू होतं. तेव्हा कपाटातलं ते इंजिन बाहेर काढा.