जो खाली, त्याची सरशी

11 नोव्हेंबर 2023 रोजी मिशिगन विद्यापीठाच्या संघाने पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियमवर एक सामना जिंकला, तो आजही अमेरिकन फुटबॉलचे जाणकार काढून पाहतात. या खेळात चेंडू पुढे न्यायचे मार्ग दोन : हवेतून फेकायचा, नाहीतर छातीशी घट्ट धरून पळायचं. मिशिगनकडे जे. जे. मॅकार्थीसारखा तयारीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, होता. तरीही पूर्वार्धातच केव्हातरी त्यांनी चेंडू फेकणं बंद केलं आणि सामना संपेपर्यंत, अधिकृत नोंदीनुसार, सलग 32 डाव नुसते धावून काढले. पुढचा डावही धावण्याचाच असणार हे समोरच्या अकरा बचावपटूंना कळत होतं, गॅलरीतल्या लाखाहून जास्त प्रेक्षकांना कळत होतं. कळूनही कोणाला काही करता आलं नाही. मिशिगन 24-15 ने जिंकलं.

त्या दिवशी मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बो निलंबित होते आणि संघ शेरोन मूर यांच्या हाती होता. मूर स्वतः ओक्लाहोमा विद्यापीठाकडून गार्ड म्हणून खेळलेले आणि 2021 पासून मिशिगनच्या ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे चढाईच्या पुढच्या फळीचे प्रशिक्षक होते. आपली फळी समोरच्याला ढकलू शकते हे त्यांना माहीत होतं. ते कशाच्या जोरावर, हे समजून घ्यायला भौतिकशास्त्र लागतं आणि थोडं संभाव्यतेचं गणितही.

फळीत पाच जण. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या पलीकडे दोन टॅकल. सेंटर दोन पायांच्या मधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. एवढा स्पर्श सोडला तर या पाचांचा चेंडूशी सहसा संबंधच येत नाही. नियमाप्रमाणे पुढे फेकलेला पास त्यांना झेलता येत नाही. त्यांचं काम समोरच्याला अडवणं, बाजूला सारणं, आणि मागच्यांसाठी वाट किंवा वेळ काढून देणं. दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे जायला संघाला चार संधी मिळतात. दर संधीला अडीच-तीन यार्ड हमखास मिळत असतील, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यावाच लागत नाही. घड्याळ चालू राहतं आणि समोरचा बचाव दमत जातो. बीव्हर स्टेडियमवर नेमकं हेच झालं.

हे पाच जण उंचीला साधारण सव्वासहा ते साडेसहा फूट आणि वजनाला 140 किलोच्या आसपास. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की हा वजनाचा खेळ आहे. पण समोरचे बचावपटूही जवळपास तेवढेच जड असतात. फरक पडतो तो कोनाने.

एक हिशेब करून पाहू. समजा 140 किलोचा लाइनमन, म्हणजे या फळीतला खेळाडू, जवळजवळ ताठ उभा आहे. प्रतिस्पर्ध्याने त्याच्या छातीवर, जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर, आडवा जोर लावला. लाइनमनचा मागचा पाय गुरुत्वमध्यापासून 35 सेंटिमीटर मागे आहे. मागे कोलमडायचं की टिकायचं, हे दोन आघूर्णांच्या ओढाताणीत ठरतं : आडवा जोर गुणिले उंची हे त्याला उलथवू पाहतं, स्वतःचं वजन गुणिले पायाचं अंतर हे त्याला सावरून धरतं. आकडे घातले तर 35 किलो वजनाएवढा जोर त्याला मागे लोटायला पुरतो. आता तोच माणूस गुडघे आणि कंबर वाकवून खाली आला, धक्का 1 मीटर उंचीवर बसू लागला आणि मागचा पाय 70 सेंटिमीटर मागे गेला. आता त्याला हलवायला 98 किलो वजनाएवढा जोर लागेल. माणूस तोच, वजन तेच, ताकद जवळपास तिप्पट.

दुसरी गोष्ट घर्षणाची. जमिनीवरची पकड पायावर किती भार आहे त्यावर अवलंबून असते. खालून वर जोर लावणारा लाइनमन प्रतिस्पर्ध्याला किंचित उचलतो. समजा त्याने 30 किलोचा भार उचलला. 140 किलोच्या प्रतिस्पर्ध्याचा जमिनीवरचा भार 110 वर आला आणि उचलणाऱ्याचा 170 वर गेला. एकाचे बूट घसरू लागतात, दुसऱ्याचे अधिक रुततात. अमेरिकेत लाइनचे प्रशिक्षक पोरांना उठताबसता सांगतात, जो खाली त्याची सरशी. कोल्हापूरच्या तालमीतल्या वस्तादाला हे वेगळं सांगायला नको. समोरच्याच्या पायाखालची माती सुटली की डाव निम्मा झाला. हा संबंध केवळ उपमेपुरता नाही. अमेरिकी महाविद्यालयांना लाइनसाठी शाळेत कुस्ती खेळलेली मुलं मनापासून हवी असतात. आयोवा विद्यापीठाकडून टॅकल म्हणून खेळलेला ट्रिस्टन वर्फ्स शाळेत असताना आयोवा राज्याचा अवजड गटातला कुस्तीविजेता होता.

नेब्रास्का विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक टिमथी गे यांनी या सगळ्यावर पुस्तक लिहिलं आहे. त्याआधी त्यांनी आणखी सुंदर गोष्ट केली. विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमवर सामना चालू असताना मोठ्या पडद्यावर ते फुटबॉलमागचं भौतिकशास्त्र मिनिटभरात समजावून सांगत. न्यूटनचे नियम एवढ्या मोठ्या वर्गाला एकाच वेळी शिकवणारे शिक्षक फार नसतील.

ताकद आणि कोन यांच्या जोडीला वेळ. स्नॅपच्या आधी दोन फळ्यांमध्ये अंतर असतं फक्त चेंडूच्या लांबीएवढं, सुमारे 28 सेंटिमीटर. चेंडू कोणत्या इशाऱ्यावर मागे येणार हे चढाईच्या फळीला आधी ठाऊक असतं. बचावपटूला मात्र चेंडू हललेला डोळ्यांनी पाहून मग हलावं लागतं. डोळ्यांनी पाहून स्नायूंपर्यंत आज्ञा पोचायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात लाइनमनचं पहिलं पाऊल उचललेलं असतं. ही आघाडी इवलीशी वाटते, पण क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आल्यापासून सुटेपर्यंत एकूण अडीच-तीन सेकंदच मिळतात.

परक्या मैदानावर प्रेक्षक घसा फाडून ओरडतात ते याच आघाडीवर डल्ला मारायला. गोंगाटात क्वार्टरबॅकचा आवाज पोचत नाही. मग मुका इशारा ठरतो : गार्ड मान वळवून मागे पाहतो, क्वार्टरबॅकने खूण केली की सेंटरला हाताने थोपटतो, सेंटर क्षणभर थांबून चेंडू सोडतो. कडेला उभ्या टॅकलला मात्र आता बचावपटूसारखाच चेंडूकडे डोळा लावावा लागतो. पंचमांश सेकंदाची आघाडी तिथेच पुसली जाते. बचावाला इशाऱ्याची लय सापडली तर उलट त्यांचंच पाऊल आधी पडतं.

आता संभाव्यतेकडे येऊ. माझ्या मते या खेळाचं मर्म इथे आहे. समजा पाचही जण आपापली झुंज शंभरातून 95 वेळा जिंकतात. प्रत्येक जण उत्तमच म्हणायचा. पण पाचही जण एकाच डावात जिंकण्याची शक्यता किती? 0.95 चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम 77 टक्के. प्रत्येक जण 90 टक्क्यांवर असेल तर 59. आणि चौघे 95 वर असून एकटा 80 वर असेल तर 65. म्हणजे एका कच्च्या खेळाडूने चार पक्क्यांची मेहनत पाण्यात घातली. झेल घेणाऱ्यांमध्ये एक तारा चमकला तर बाकीचे झाकले जातात, इथे तसं होत नाही. या फळीची पातळी तिच्यातला सर्वांत कमकुवत माणूस ठरवतो. त्यामुळे एका महागड्या खेळाडूपेक्षा राखीव बाकावरचा सहावा-सातवा माणूस किती तयार आहे, यावर हंगाम तरतो किंवा बुडतो.

25 नोव्हेंबर 2023 ला मिशिगनच्या घरच्या मैदानावर, ॲन आर्बरमध्ये, याचा पुरावा दिसला. ओहायो स्टेटविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये मिशिगनचा उजवा गार्ड झॅक झिंटर याचा पाय मोडला. त्याला मैदानाबाहेर नेलं. उजव्या टॅकलवरचा कार्सन बार्नहार्ट आत सरकून गार्ड झाला आणि बाकावरून आलेला ट्रेंटे जोन्स टॅकलवर उभा राहिला. पुढच्याच डावात चेंडू घेऊन पळणारा ब्लेक कोरम 22 यार्ड धावत थेट प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचला, म्हणजे टचडाउन करून आला. मिशिगनने सामना 30-24 ने घेतला.

अर्थात वरच्या हिशेबात एक गृहीत लपलं आहे, ते म्हणजे पाच झुंजी एकमेकींपासून स्वतंत्र असतात. प्रत्यक्षात तशा त्या नसतात आणि चांगल्या फळीची खरी कमाई तिथेच आहे. दोघे मिळून एकाला ढकलतात तेव्हा 280 किलोंसमोर 140 उभे असतात. तो मागे सरकला की दोघांपैकी एक जण त्याला सोडून बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या लाइनबॅकरवर जातो. सुटायचं कोणी आणि केव्हा, हे बोलून ठरवायला वेळ नसतो. खांद्याला खांदा लागलेला असताना जोडीदाराचा भार कमी झाला की ते कळतं. बचावपटू धावता धावता आपसात वाटा बदलतात तेव्हा अडवणाऱ्यांनाही माणसांची अदलाबदल करावी लागते. ही समज वर्षानुवर्षं एकत्र सराव केल्यावर येते. शाळेतून आलेला अठरा वर्षांचा मुलगा म्हणूनच सहसा पहिलं वर्ष, कधी दोन वर्षं, व्यायामशाळेत आणि सरावातच काढतो.

या मंडळींचं काम मोजायचं कसं, हा प्रश्न सांख्यिकीवाल्यांना बरीच वर्षं छळत होता. यार्ड धावणाऱ्याच्या नावावर, पास क्वार्टरबॅकच्या नावावर. लाइनमनच्या नावावर जवळपास काहीच नाही. फुटबॉल आउटसायडर्स या विश्लेषक गटाने व्यावसायिक सामन्यांच्या आकड्यांतून श्रेय वाटून द्यायची रीत बसवली आणि पुढे ती महाविद्यालयीन खेळातही आली. धावेतले पहिले चार यार्ड पूर्णपणे फळीच्या खात्यात. पाच ते दहा यार्डांमधलं निम्मं श्रेय फळीचं. दहाच्या पुढचं सगळं धावणाऱ्याचं, कारण तिथवर पोचल्यावर तो आणि त्याचे पायच. धाव उलटी गेली तर मात्र नुकसानीच्या 120 टक्के फळीच्या माथी. म्हणजे 25 यार्डांच्या देखण्या धावेत फळीला सात यार्ड, आणि दोन यार्ड मागे गेलेल्या धावेत उणे 2.4. ही वाटणी काटेकोर नाही, पण तिने नजर योग्य जागी वळवली. अधूनमधून पन्नास यार्ड पळणारा संघ आणि दर वेळी चार यार्ड काढणारा संघ यांतला फरक ती दाखवते.

2015 पासून सर्वोत्तम फळीला जो मूर पुरस्कार मिळतो. पिट्सबर्ग आणि नोत्र दामच्या फळ्या घडवणाऱ्या प्रशिक्षकाच्या नावाचा हा पुरस्कार एका खेळाडूला नाही, अख्ख्या फळीला देतात. मिशिगनने तो 2021 आणि 2022 असा लागोपाठ पटकावला. 2020 मध्ये याच संघाने सहापैकी फक्त दोन सामने जिंकले होते. पुढच्याच वर्षी, सलग आठ वेळा ज्यांच्याकडून मार खाल्ला होता त्या ओहायो स्टेटला त्यांनी 42-27 ने हरवलं. 297 यार्ड धावून काढले आणि हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले. 2023 चा हंगाम 15-0 असा निष्कलंक गेला. अंतिम सामन्यात समोर होता वॉशिंग्टन, त्या वर्षीच्या जो मूर पुरस्काराचा मानकरी. मिशिगनने त्यांना 34-13 ने हरवलं आणि 303 यार्ड धावून काढले. पुरस्कार विजेती फळी असूनही वॉशिंग्टन हरलं, कारण बचावाचीही एक फळी असते आणि मिशिगनची तीही जबर होती. चढाईची फळी सामना हातात आणून देते, पण एकटीने नाही.

जो मूर पुरस्काराचा मला सर्वांत भावलेला विजेता 2024 चा : आर्मी, म्हणजे वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी. इथल्या मुलांना पदवीनंतर सैन्यात रुजू व्हायचं असतं, त्यामुळे वजनाला लष्कराची मर्यादा आहे. फळी इतरांपेक्षा हलकी. तरीही त्या वर्षी धावून यार्ड काढण्यात देशात अव्वल तेच ठरले, सामन्याला सुमारे 300 यार्ड. 12 सामने जिंकले, दोन हरले. त्यांची युक्ती गणिती आहे. ऑप्शन पद्धतीत एका बचावपटूला ते मुद्दाम अडवतच नाहीत. क्वार्टरबॅक त्याच्याकडे पाहतो. तो आत आला तर चेंडू बाहेर, बाहेर गेला तर चेंडू आत. एक माणूस हात न लावता बाद झाला आणि अडवणारा एक जण मोकळा झाला. वजनात जे कमी होतं ते त्यांनी मोजणीत, कोनात आणि पहिल्या पावलात भरून काढलं.

पण खाली वाकून पुढे झेपावणाऱ्या शरीराचा सर्वांत पुढचा भाग डोकं असतं. सामना जिंकून देणारी ठेवणच कवटीला दर डावात टकरीच्या तोंडी देते. या टकरी बहुधा बेशुद्ध करणाऱ्या नसतात. त्या छोट्या असतात आणि हंगामात शेकड्यांनी होतात. व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी ज्याच्या मेंदूत सीटीई हा डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला ऱ्हास सर्वप्रथम सापडला तो माइक वेब्स्टर सेंटर होता, विस्कॉन्सिन विद्यापीठात घडलेला. 2002 मध्ये 50 व्या वर्षी तो वारला आणि डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला. 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या गटाने मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे महाविद्यालयीन पातळीपर्यंतच खेळले होते अशा 53 पैकी 48 जणांच्या मेंदूत सीटीई होता. आधीपासून त्रास असलेल्यांचीच कुटुंबं मेंदू दान करण्याची शक्यता जास्त, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. तरी त्या 48 जणांकडे काणाडोळा करणं मला जमत नाही.

डार्टमाउथ महाविद्यालयाचे प्रशिक्षक बडी टीवन्स यांनी 2010 मध्ये सरावातून टॅकलिंग, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून खाली पाडणं, काढून टाकलं. डार्टमाउथच्याच अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी धावणारा, पाडता येणारा यंत्रपुतळा बनवला आणि सरावात माणसाऐवजी तो आदळून घेऊ लागला. लाइनमनच्या बाबतीत सोडवणूक जास्त अवघड आहे, कारण त्याची टक्कर अपघात नसते, तेच त्याचं काम असतं. हेल्मेटवर चढवायची मऊ टोपी, दातांवर घालायच्या संरक्षक कवचात बसवलेले धक्कामापक यांचा वापर वाढतो आहे. प्रशिक्षक आता शिकवतात की आधी तळहात छातीवर पोचू दे, हनुवटी वर, डोकं मागे, आणि कंबर मात्र खालीच ठेव.