पालक मेळाव्याचा उतारा कसा काढायचा?

गाडी काट्यावर आली की वजन लगेच कळते. उतारा कळायला मात्र रस लॅबमध्ये जावा लागतो. सभासद बंधू-भगिनींना हे नव्याने सांगायला नको. एकरी टनेज भरघोस आणि उतारा पडलेला, असा ऊस आपल्या कार्यक्षेत्रात सर्वांनीच पाहिलेला आहे. तरीसुद्धा उसाच्या बाबतीत आपण जे कधी विसरत नाही, ते पालक मेळाव्याच्या बाबतीत हमखास विसरतो.

गळीत हंगामात तोडणी कामगारांच्या अड्ड्यावर बालसंगोपनाचा मेळावा घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मंडप पडतो, पाहुणे येतात, आहारावर आणि स्वच्छतेवर व्याख्यान होते, मातांना नारळ नाही तर खाऊची पुडी मिळते आणि फोटो निघतो. मग अहवालात वाक्य येते : 'उपस्थिती समाधानकारक होती. मातांनी कार्यक्रम आवडल्याचे सांगितले.' हे झाले वजन. त्या मातेच्या झोळीतल्या पोराच्या पदरात काय पडले, हे या वाक्यातून कळत नाही.

मागे एका गटसभेत एका सभासदाने उभे राहून रोखठोक विचारले, "साहेब, दरसाल पैसा घालता. त्यातनं निघतं काय?" प्रश्न योग्य होता. पैसा सभासदांचा आहे. आता येत्या हंगामात हा कार्यक्रम एक दिवसाचा न ठेवता सबंध हंगामभर चालवावा, असा प्रस्ताव संचालक मंडळापुढे ठेवायचा असल्याने त्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही.

आम्ही शेतकी खात्याची माणसे. मुलांच्या वाढीवर अधिकारवाणीने बोलणे हा आमचा प्रांत नव्हे. पण प्लॉट कसा मांडायचा, शेजारी तुलनेचा प्लॉट का ठेवायचा आणि निकाल किती हंगाम थांबून वाचायचा, एवढे शेतकी पदविकेत शिकलो आहोत. त्या नजरेने पाहता या विषयातला एक प्रयोग आम्हाला फार मोलाचा वाटतो. तो झाला जमैका बेटावर.

जमैका म्हणजे वेस्ट इंडीजमधले उसाचे जुने बेट. १८४५ पासून भारतातून करार करून नेलेले मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबले, त्यामुळे नाव आपल्याला अगदीच परके नाही. तिथे किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२९ मुले निवडली. वय ९ ते २४ महिने. सगळी वयाच्या मानाने उंची खुंटलेली. त्यांचे चार गट केले, तेही कोणाची निवड न करता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुधाची भुकटी. दुसऱ्या गटाच्या घरी दर आठवड्याला तासभर आरोग्य सेविकेची भेट. तिसऱ्याला दूध आणि भेट दोन्ही. चौथ्याला यांतले काहीच नाही, म्हणजे आपला कंट्रोल प्लॉट. औषधोपचार मात्र चारही गटांना मोफत. हे सगळे दोन वर्षे चालले.

आता ती सेविका घरी जाऊन करायची काय, हे नीट पाहण्यासारखे आहे. ती मोठी डॉक्टरीणबाई नव्हती. थोडेफार शिकलेली, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली साधी बाई. ती भाषण करीत नसे. टाकाऊ वस्तूंपासून केलेले एखादे खेळणे पिशवीतून काढायची, आईसमोर मुलाशी खेळून दाखवायची आणि मग आईला म्हणायची, आता तुम्ही करून बघा. मुलाला जमले की मुलाचे कौतुक, आईने केले की आईचे. आंघोळ घालताना, स्वयंपाक करताना मुलाशी बोला, वस्तूंची नावे सांगा, हे ती सांगे. जाताना खेळणे घरी ठेवून जाई. पुढच्या आठवड्यात ते परत घेऊन थोडे अवघड दुसरे देई.

सभासद बंधूंनो, बेणेप्रक्रियेचे हँडबिल वाटणे आणि शेतकऱ्याच्या हाताने टिपरी द्रावणात बुडवून घेणे यात जो फरक आहे, तोच इथे आहे. हँडबिल घरात वळचणीला खोचलेले आम्ही स्वतः पाहिले आहे.

निकाल वाचतानाही त्यांनी घाई केली नाही. पाडेगावच्या संशोधन केंद्राकडून नवी जात येते तेव्हा ती एका लागणीवर ठरत नाही. लागण बघावी लागते, पुन्हा लागण, मग खोडवा. तसेच इथे झाले. दोन वर्षांनी मोजणी केली तेव्हा दूध मिळालेली मुले पुढे होती आणि भेटी मिळालेलीही पुढे होती. दोन्ही मिळालेली तर उंची न खुंटलेल्या मुलांच्या जवळपास येऊन पोहोचली. १९९१ साली हा निकाल छापून आला. तिथेच थांबले असते तर दूध आणि भेट सारखेच, असे म्हणून लोक मोकळे झाले असते. आणि दूध वाटणे केव्हाही सोपे, त्याचा फोटोही चांगला येतो.

पण ती मुले ११-१२ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली तेव्हा बुद्धीच्या बाबतीत दुधाचा फायदा दिसेना. भेटींचा दिसत होता. १७-१८ व्या वर्षी भेटीवाली मुले वाचनात पुढे होती आणि त्यांच्यात उदासपणा, चिंता कमी आढळली. २२ व्या वर्षी १२९ पैकी १०५ जण शोधून काढले. पोटासाठी परदेशी गेलेल्यांचाही माग काढला. लहानपणी भेटी मिळालेल्यांची कमाई कंट्रोल गटापेक्षा २५ टक्के जास्त निघाली. हा निकाल २०१४ चा. पुढे एकतिसाव्या वर्षी पाहिले तर फरक ३७ टक्क्यांपर्यंत गेला होता. इतकी वर्षे फुटवे देणारा खोडवा आम्ही तरी पाहिलेला नाही!

यावरून दूध नको असा अर्थ कोणी काढू नये. उपाशी पोराला आधी अन्नच लागते, तिथे वाद नाही. अन्नाने जे होते ते अन्नाने होते आणि बोलण्या-खेळण्याने जे होते ते त्यानेच होते. एकाच्या जागी दुसरे चालत नाही, एवढाच याचा अर्थ. नत्राचा डोस वाढवून पालाशची कमतरता भरून निघत नाही, हे ज्याला कळते त्याला हेही कळेल.

दुसरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १२९ मुले म्हणजे एका गटात बत्तीस-तेहतीस. आमच्या भाषेत हा गुंठ्याचा प्लॉट झाला. गुंठ्यावरच्या निकालाने सगळ्या कार्यक्षेत्राची जात बदलत नाहीत. सबब हाच प्रयोग दुसऱ्या देशांत, मोठ्या क्षेत्रावर घेतला गेला. कोलंबिया देशात १,४२० मुलांवर घेतला, भेटी देणाऱ्या त्याच वस्त्यांतल्या माता होत्या. दीड वर्ष भेटी झाल्या, मुलांची समज आणि भाषा सुधारली. मात्र दोन वर्षांनी पुन्हा पाहिले तर तो फायदा पुसला गेला होता. म्हणजे लागण चांगली आणि खोडवा फसला. असे का झाले यावर जाणकारांत चर्चा आहे. आमचे म्हणणे इतकेच, की पुन्हा जाऊन पाहिले म्हणून तरी हे कळले.

आपल्या उपयोगाचा खरा प्रयोग आपल्याच देशात, ओडिशाच्या खेड्यांत झाला. त्याचा निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. १९२ गावे घेतली, त्यांचे चार भाग केले. एका भागात मातांना फक्त आहाराचे शिक्षण. दुसऱ्यात आहाराच्या शिक्षणासोबत घरोघर साप्ताहिक भेटी. तिसऱ्यात घरी न जाता, माता आणि मुले दर आठवड्याला एकत्र बसवून तेच खेळ. चौथा भाग तुलनेसाठी. दोन वर्षांनी असे दिसले की नुसत्या आहार-शिक्षणाने मुलांच्या समजेत काहीच फरक पडला नाही. घरोघर भेटी आणि एकत्र बैठका यांचा फायदा जवळजवळ सारखा निघाला. खर्चात मात्र मोठा फरक. घरभेटींना एका मुलामागे वर्षाला १३५ डॉलर, एकत्र बैठकींना ३८ डॉलर.

नुसते सांगून काही होत नाही आणि करून घेतले तर होते, हे इथे पुन्हा दिसले. त्यातही एकत्र बसवून करून घेतले तर कारखान्यासारख्या संस्थेला झेपेल अशा खर्चात होते. आमचा प्रस्ताव यावरच उभा आहे. मंडप, पाहुणे आणि नारळ यांवर होणारा खर्च वाचवून त्यातून प्रत्येक अड्ड्यावर एका बाईला मानधन द्यावे आणि तिने आठवड्यातून एकदा माता व मुलांची बैठक घ्यावी.

अडचणी नाहीत असे नाही. पहिली अडचण ही, की कोपीवर मूल सांभाळते कोण? कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. पहाटे अंधारात टोळी फडात जाते. तान्हे मूल बांधावर झोळीत किंवा कोपीवर आजीजवळ. आजी गावीच राहिली असेल तर आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. दुपारी अकराला 'मातांसाठी' कार्यक्रम ठेवला तर समोर ही पोरगीच कडेवर भाऊ घेऊन येऊन बसते. काहीजण सुचवतात की तिलाच शिकवा, तीच तर सांभाळते. आमचे मत याविरुद्ध आहे. तिला हुशार दाई बनवणे म्हणजे तिची शाळा कायमची बुडवणे. तिची जागा शाळेत आणि तान्ह्याची जागा अड्ड्यावरच्या पाळणाघरात, हे आधी झाले पाहिजे. बैठक पाळणाघरवाली बाई, आज्या आणि आईबाप यांच्यासाठी. वेळ आईच्या सोयीची हवी. आठवडी बाजाराच्या दिवशी बहुतेक टोळ्या लवकर परततात, तो दिवस धरावा. बापांनाही बोलवावे. उचल घेताना मुकादमापुढे बाप असतो, मग पोराच्या खेळाला का नसावा?

दुसरी अडचण मोजणीची, आणि सभासदाचा मूळ प्रश्न हाच होता. "कार्यक्रम आवडला का?" असे विचारू नये. तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. "साहेब, तुमचं बेणं एक नंबर" म्हणून शेजारच्याचे बेणे लावणारे सभासद आम्हाला ठाऊक आहेत, नावे सांगत नाही. त्याऐवजी केलेली कृती विचारावी. युनिसेफच्या घरोघरच्या पाहणीत सहा गोष्टी विचारतात : गेल्या तीन दिवसांत घरच्या मोठ्या माणसाने मुलाला पुस्तक वाचून दाखवले का, गोष्ट सांगितली का, गाणे म्हटले का, घराबाहेर फिरवले का, त्याच्याशी खेळले का, वस्तूंची नावे घेतली, मोजली किंवा चित्र काढले का. अड्ड्यावर एवढे पुरे. मुलाच्या बाजूने अंगणवाडीचे माता व बाल संरक्षण कार्ड आहेच. कोणत्या वयात मुलाने काय करावे याची यादी त्यात दिलेली आहे.

हंगामाच्या तोंडाला एकदा आणि पट्टा पडण्यापूर्वी एकदा अशी दोनदा नोंद घ्यावी. नोंद घेणारी बाई बैठक घेणारी नसावी. स्वतःच्या उसाचा उतारा स्वतः काढायला आपण कोणाला देत नाही. आणि निदान एका अड्ड्यावर पहिल्या हंगामात फक्त नोंद घ्यावी, बैठका दुसऱ्या हंगामात सुरू कराव्यात. चार-पाच महिन्यांत मूल नुसत्या वयानेही बोलू-चालू लागते. तुलना नसेल तर सगळे श्रेय आपण आपल्याच पदरात ओढून घेऊ. हा अड्डा कोणता, ते चिठ्ठी टाकून ठरवावे. पाळणाघर, लसीकरण आणि दवाखाना मात्र त्या अड्ड्यालाही पहिल्या दिवसापासून मिळालेच पाहिजे.

राहता राहिला टोळी बदलण्याचा प्रश्न. पुढच्या साली तोच मुकादम येईल, पण तीच मुले येतील याची खात्री नाही. किंग्स्टनच्या लोकांनी सातासमुद्रापार गेलेली मुले हुडकली. आपल्याला टोळीचा करार करतानाच गावाचे नाव आणि अंगणवाडी लिहून घेता येईल. शेती विभागाच्या नोंदवहीत त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल, बस्स. चार-पाच महिन्यांच्या हंगामात दोन वर्षांच्या कामाइतका फरक पडेल असे आम्ही म्हणणार नाही. पडला नाही तर तेही याच अंकात आकड्यांसह छापावे, अशी आमची संपादकांना आगाऊ विनंती आहे.

प्रस्तावाची प्रत प्रत्येक गट कार्यालयात वाचायला ठेवण्यात येत आहे. सूचना लेखी द्याव्यात. संमती मिळेल या भरवशावर खेळण्यांची तयारी मात्र आतापासूनच करीत आहोत. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या, झाकणे, पुठ्ठे, रंगीत कापडाचे तुकडे सभासद भगिनींनी धुऊन, वाळवून आपल्या गटाच्या फिल्डमनकडे द्यावेत. औषध-फवारणीचे डबे काही झाले तरी देऊ नयेत, आणि तोंडात जाईल इतके लहान बटण किंवा मणीही नकोत.