घाट, नायट्रस आणि रेसची वायर

आंब्याच्या हंगामात हातखंब्याहून कोल्हापूरकडे निघालेला भरला ट्रक साखरपा मागे टाकून आंबा घाटाला लागला की चालकाची एकच अपेक्षा असते: गाडी उठली पाहिजे. चिपळूणहून कऱ्हाडकडे चढणारा कुंभार्ली असो किंवा मुंबई-गोवा महामार्गावरचा भोस्ते, रत्नागिरी जिल्ह्यातून माल बाहेर न्यायचा तर चढण टळत नाही. पिकअप कमी पडतो म्हटल्यावर गॅरेजमध्ये उपायांची चर्चा रंगते. शर्यतींचे व्हिडिओ पाहिलेली तरुण मंडळी त्यात आता नायट्रसचे नाव घेऊ लागली आहेत. गॅसची बाटली बसवायची, रेसच्या वायरला एक जोड द्यायचा आणि पायडल पूर्ण दाबले की गॅस सुटायचा, अशी ही कल्पना आहे. ती सोपी वाटते. पण आजच्या ट्रकमध्ये ‘रेसची वायर’ नेमके काय काम करते हे समजून घेतले, तर हा जोड किती जोखमीचा आहे हे आपोआप कळते.

इंजिनाला हवी असते हवा

आधी चढणीचा हिशेब पाहू. मालासह १६ टनांचा ट्रक सोळास एक अशा चढावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणार असेल, तर गुरुत्वाकर्षण आणि टायरचे घर्षण यांवर मात करायला चाकांपाशी सुमारे ८५ अश्वशक्ती लागते. तोच वेग ताशी ३० करायचा तर गरज जवळपास १३० अश्वशक्तीवर जाते. ही शक्ती इंधनातून येते. पण इंधन जाळायला ऑक्सिजन लागतो, आणि इंजिनात एका वेळी किती हवा भरता येते यावर शक्तीची मर्यादा ठरते.

सीएनजीच्या ट्रकला ही मर्यादा जास्त जाणवते. मिथेनच्या एका भागाला जळण्यासाठी साधारण साडेनऊ भाग हवा लागते. म्हणजे इंजिनाने आत घेतलेल्या मिश्रणात जवळपास दहावा हिस्सा जागा गॅसच अडवतो आणि तेवढी हवा कमी मिळते. टर्बोचार्जर हवा दाबून भरतो आणि ही कमतरता बऱ्याच अंशी भरून काढतो.

नायट्रस ऑक्साइड तेच काम रसायनाच्या मार्गाने करतो. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये हा वायू शोधला. पुढे हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिस्टलमध्ये त्याचे प्रयोग स्वतःवर केले आणि वेदना कमी करण्याचा त्याचा गुण नोंदवला. आजही रुग्णालयात भूल देण्यासाठी निळ्या सिलिंडरमधून हाच वायू येतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. इंजिनातल्या उष्णतेने त्याचा रेणू फुटतो, नायट्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात, आणि तेवढे जास्त इंधन जाळता येते. बाटलीतला द्रव उणे ८८ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे फवारा आत येताना हवा थंड आणि दाटही होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांनी विरळ हवेत शक्ती टिकवण्यासाठी ‘जीएम-१’ या नावाने याचा वापर केला होता.

यात एक अट कायम असते. जादा ऑक्सिजनसोबत जादा इंधनही त्याच क्षणी मिळाले पाहिजे. ते कमी पडले तर मिश्रण पातळ होते, तापमान भडकते, पिस्टनचा माथा वितळू शकतो, हेड गॅस्केट फुटू शकते. म्हणूनच नायट्रस कधी सोडायचा हा प्रश्न किती सोडायचा याइतकाच महत्त्वाचा आहे.

तारेचा काळ आणि व्होल्टेजचा काळ

जुन्या पेट्रोल गाडीत पायडलपासून थ्रॉटलपर्यंत पोलादी तार होती. पायडल दाबले की तार ओढली जाई आणि हवेच्या वाटेतली बटरफ्लाय झडप उघडे. शर्यतीच्या गाडीत या झडपेच्या दांड्याजवळ एक छोटा मायक्रोस्विच बसवत. झडप पूर्ण उघडली की स्विच दाबला जाई, रिले चालू होई आणि नायट्रसचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, उघडे. पायडल आणि झडप तारेने बांधलेली असल्याने एकाची स्थिती कळली की दुसऱ्याची कळत असे.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये ही तार नाही. पायडलखाली सेन्सर असतो. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्याला पाच व्होल्ट पुरवतो आणि पायडल जसे दबत जाते तसे परत येणारे व्होल्टेज वाढते. अनेक गाड्यांत पाय सोडलेला असताना ते पाऊण व्होल्टच्या आसपास असते आणि पूर्ण रेस दिल्यावर चार व्होल्टच्या जवळ जाते. त्याच पायडलमधून दुसरा स्वतंत्र सिग्नल निघतो, आणि बऱ्याच रचनांत तो पहिल्याच्या बरोबर निम्मा असतो. दोन कारकुनांनी वेगवेगळ्या वह्यांत ठेवलेल्या एकाच हिशेबासारखे हे दोन आकडे ईसीयू सतत ताडून पाहतो. मेळ बसला नाही तर तो चालकाच्या मागणीवर विश्वास ठेवत नाही, चेक लाइट लावतो आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे शक्ती कमी केलेल्या अवस्थेत, नेतो. थ्रॉटल उघडते छोट्या विद्युत मोटारीने, आणि त्या झडपेवरही दोन सेन्सर असतात. अनेकदा एकाचे व्होल्टेज वाढते तेव्हा दुसऱ्याचे उतरते.

पायडल म्हणजे चालकाने केलेली मागणी. थ्रॉटल किती उघडायचे हा निर्णय ईसीयूचा. मागणी आणि निर्णय नेहमी सारखे नसतात. गिअर बदलताना, इंजिनाचे फेरे मर्यादेपलीकडे जाताना, चाक घसरताना, किंवा मालवाहू गाडीने ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा गाठल्यावर, पाय पायडलवर पूर्ण दाबलेला असूनही ईसीयू झडप मिटवू शकतो. नायट्रसचा स्विच पायडलच्या वायरवर लावला असेल, तर त्या क्षणी हवा थांबलेली आणि नायट्रस मात्र सुरू, अशी अवस्था होते. जादा इंधनाचा फवाराही सोबत असेल तर इनटेकच्या नळीत ज्वालाग्राही मिश्रण साचते. मागे फिरलेली एक ठिणगी ती नळी फोडायला पुरते.

बंदिस्त ट्रॅकवर हे काम जाणकार वेगळ्या पद्धतीने करतात. ते पायडलऐवजी थ्रॉटलच्या झडपेवरचा सेन्सर वाचतात. त्यासाठी लागणारा व्होल्टेज स्विच सिग्नलमधून जवळजवळ काहीच प्रवाह खेचत नाही. पुढे इंजिनाच्या फेऱ्यांची खालची आणि वरची मर्यादा पाहणारा स्विच, इंधनाचा दाब पाहणारा स्विच, फ्यूज आणि रिले, अशी साखळी असते. यातली एक कडी जरी ‘नाही’ म्हणाली तरी सोलेनॉइड बंद राहतो.

वायरिंगवाल्याने थेट रिलेचे कॉइल सिग्नलच्या वायरला जोडले तर काय होईल? कॉइलचा रोध साधारण शंभर ओहम असतो. तो सिग्नलचे व्होल्टेज खाली ओढतो, दोन आकड्यांचा मेळ मोडतो आणि गाडी चढावरच मरगळते. मागे भरलेल्या ट्रकांची रांग असताना असे होणे हा गंभीर अपघाताचा प्रसंग आहे.

खारी हवा आणि हिरवी पडलेली तार

कोकणात या जोडाला आणखी एक शत्रू आहे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा सतत असते. मिरकरवाडा बंदरातून मासळी नेणाऱ्या गाड्यांच्या चॅसिसवर मिठाचे पाणी ठिबकत राहते. वायर सोलून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळलेला जोड अशा हवेत फार टिकत नाही. तांबे हिरवे पडते, रोध वाढतो, आणि दिव्याच्या वायरमध्ये जाणवणारही नाही एवढा फरक पाच व्होल्टच्या सिग्नलमध्ये चुकीची मागणी ठरतो.

पायडलचा सिग्नल किती नाजूक असतो याचा एक दाखला अमेरिकेत मिळाला. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींनंतर ‘नासा’च्या अभियंत्यांनी तपास केला आणि २०११ मध्ये अहवाल आला. इलेक्ट्रॉनिक दोषामुळे थ्रॉटल मोठ्या प्रमाणात उघडल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण तपासलेल्या एका पायडलमध्ये कथिलाचा केसाहून बारीक तंतू वाढून दोन सिग्नल एकमेकांना जोडले गेल्याचे त्यांना आढळले. कारखान्यात बंद केलेल्या सेन्सरमध्ये एक तंतू एवढे करू शकतो, तर रस्त्याकडेला सोललेल्या वायरकडून काय अपेक्षा ठेवायची?

डिझेलची गोष्ट वेगळी

सीएनजीच्या ट्रकमध्ये पेट्रोल गाडीसारखे खरे थ्रॉटल असते. डिझेलमध्ये चालकाच्या पायाने हवा अडवली जात नाही, इंधनाचे प्रमाण ठरते. जुन्या पंपवाल्या गाडीत चढावर काळा धूर निघे, म्हणजे काही इंधन न जळताच बाहेर पडे. अशा इंजिनात नायट्रस दिला तर ते वाया जाणारे इंधन जळते, वेगळे इंधन द्यावे लागत नाही. परदेशात डिझेल ट्रकांच्या शर्यतीत हेच करतात.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या सेन्सरवाल्या गाडीत असे फुकट जाणारे इंधन उरलेलेच नाही. प्रत्येक फवारा ईसीयूने मोजून दिलेला असतो. तिथे जादा ऑक्सिजन दिला की ज्वलन अधिक तापते आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडे वाढतात. चालक ज्याला युरिया म्हणतात त्या द्रवावर चालणारी यंत्रणा हीच ऑक्साइडे नष्ट करण्यासाठी आहे. या नियंत्रणात बिघाड दिसला की ईसीयू इंजिनाची शक्ती कमी करतो. शक्ती वाढवायला लावलेले किट शेवटी शक्ती घटण्याचे कारण ठरू शकते.

बाटली, ऊन आणि हिशेब

नायट्रस बाटलीत दाबाखाली द्रवरूपात असतो. वीस अंशांना हा दाब वातावरणाच्या सुमारे ५० पट असतो. पण ३६.४ अंश सेल्सिअसच्या वर त्याला द्रव म्हणून राहताच येत नाही आणि पुढे दाब झपाट्याने चढतो. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या असलेल्या ट्रकची बंद केबिन हे तापमान सहज ओलांडते. हा वायू स्वतः विघटन पावताना उष्णता सोडतो, तेल किंवा ग्रीसचा संपर्क त्याला धोकादायक बनवतो. २६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी येथे अवकाशयानाच्या इंजिनासाठी नायट्रसची चाचणी सुरू असताना स्फोट झाला आणि तिघांचा मृत्यू झाला. तिथे काम करणारे लोक प्रशिक्षित अभियंते होते.

एवढी जोखीम घेऊन पदरात काय पडते? शंभर अश्वशक्ती वाढवायला दर दहा सेकंदांना साधारण ४०० ग्रॅम नायट्रस लागतो. चढावर ताशी २० वरून ३० वर जायला चाळीस-पन्नास अश्वशक्ती हवी, म्हणजे दहा सेकंदांना सुमारे २०० ग्रॅम. साडेचार किलोची नेहमीची बाटली चार मिनिटांच्या आत संपते. तेवढ्यात ट्रक दोन किलोमीटरही पुढे जात नाही आणि वाचतात फक्त दोन मिनिटे. उरलेला घाट रिकामी बाटली वाहून चढायचा. शिवाय न जळता निसटलेला नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दाबाखालील गॅसच्या सिलिंडरांवर नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे नियम लागू आहेत. नायट्रसची जागा बंदिस्त धावपट्टीवरच्या काही सेकंदांच्या शर्यतीत आहे, मालवाहतुकीच्या रस्त्यावर नाही.

तेव्हा गाडी घाटात उठत नसेल तर चालक आणि मालकांनी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्यावा. एअर फिल्टर चोंदला आहे का, टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा होज फाटला किंवा सैल झाला आहे का, टायरमध्ये हवा बरोबर आहे का, हे तपासावे. सीएनजीच्या ट्रकचे स्पार्क प्लग वेळेवर बदलावेत. सर्वांत आधी वजनकाट्याची पावती पाहावी, कारण परवान्यापेक्षा दोन टन जास्त भरलेल्या ट्रकला कोणताच गॅस तारणार नाही. आणि पायडलकडे जाणाऱ्या वायरला कोणी पक्कड लावू पाहत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे.