व्याख्या कोठे घडतात?

कोशात अर्थ दिला म्हणून शब्दाला तो अर्थ प्राप्त होतो, अशी समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. लोक शब्द वापरतात, त्या वापराची साक्ष कोशकार गोळा करतो आणि मगच व्याख्या लिहितो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली हाती घेतलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्द टिपून चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या, त्या याच साक्षीसाठी.

व्याख्येची रीत ठरलेली आहे. वस्तूचा वर्ग प्रथम सांगावयाचा, नंतर त्या वर्गातील इतरांहून तिचे वेगळेपण. 'डोल' हा पालघरच्या किनाऱ्यावरील शब्द घ्या. 'एक प्रकारचे जाळे' एवढ्याने काय कळणार? सगळीच जाळी त्यात बसतील. रुंद तोंडाचे, शेपटाकडे निमुळते होत जाणारे, समुद्रात एका जागी बांधून ठेवलेले आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत येते असे पिशवीवजा जाळे, असे म्हटले म्हणजे डोल डोळ्यांपुढे उभा राहतो. ही माहिती टेबलाशी बसून सुचत नाही; ती कोळ्यालाच विचारावी लागते.

शब्द स्थिरही राहत नाहीत. भट्टी म्हटली की जाळ आलाच, असा पूर्वीचा अर्थ. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तेथील अणुभट्टीत काहीच जळत नाही. अणुकेंद्रांच्या नियंत्रित विभाजनातून उष्णता निर्माण होते. लोकांनी मात्र 'भट्टी' हाच शब्द तिला दिला. तेव्हा व्याख्येनेच रुंद व्हावयास हवे.

मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे मंडळाच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यानंतरचे बोईसरच्या कारखान्यांतील शब्द त्यांत सापडणार कसे? आणि २०२४ साली वाढवण बंदराची पायाभरणी झाल्यावर किनाऱ्यावरचे व्यवसाय आहेत तसेच राहतील, असे कोण म्हणेल? व्यवसाय गेला की त्याचे शब्द जाणारी माणसेही विरळ होतात.

म्हणून पालघर जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांनी हे काम अंगावर घ्यावे. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, गाव, बोलणाऱ्याचा व्यवसाय आणि तारीख एवढे पुरे. व्याख्या कोशकार मागाहून करील. परंतु साक्षच नोंदली गेली नाही, तर उद्याच्या कोशात डोल 'एक प्रकारचे जाळे' म्हणूनच उरेल.