विद्यार्थ्यांनी घडवलेला किनारा

सिलिकॉन व्हॅलीत लेकीकडे, मुलाकडे गेलेली आपली मंडळी सॅन फ्रान्सिस्को बघून येतात, लास वेगासलाही जातात. सॅन होजेहून घाट उतरला की तासाभरात लागणारं सांताक्रूझ मात्र पुष्कळदा राहून जातं. हे गाव लाटांसाठी आणि भाजीपाल्यासाठी ओळखलं जातं, आणि दोन्हींच्या मुळाशी विद्यार्थी आहेत.

१८८५ साली सॅन मटेओच्या शाळेत शिकणारे हवाईचे तीन राजपुत्र इथे आले. त्यांनी रेडवूडच्या फळ्या बनवून घेतल्या आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी ते लाटांवर उभे राहिले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या सर्फिंगची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. वेस्ट क्लिफच्या कड्यावरच्या दीपगृहात सर्फिंगचं छोटं संग्रहालय आहे. त्याच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली स्टीमर लेन या सर्फिंगच्या जागेवरचे सर्फर अगदी जवळून दिसतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं इथलं संकुल १९६५ मध्ये डोंगरावर, रेडवूडच्या जंगलालगत सुरू झालं. दोनच वर्षांनी ॲलन चॅडविक हे इंग्रज माळी आले. एका खडकाळ उतारावर त्यांनी मुलांना हाताशी धरलं आणि रासायनिक खतं न वापरता, हाती कुदळ-फावडी घेऊन बाग उभी केली. पुढे त्यातूनच विद्यापीठाची शेती वाढली. सेंद्रिय शेती शिकायला आजही तिथे तरुण येतात. मला या गावात सर्वांत मोलाची वाटते ती हीच जागा.

बाकीचं काम थंड समुद्र करतो. वसंतात आणि उन्हाळ्यात वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि खोलातलं गार, पोषक पाणी वर येतं. त्यावर केल्प या समुद्री शैवालाची जंगलं वाढतात, त्यांत समुद्री पाणमांजरं राहतात. याच गारव्यामुळे सकाळी धुकं दाटतं, आणि ती हवा वॉटसनव्हिलच्या स्ट्रॉबेरीला आणि आसपासच्या आर्टिचोकला मानवते.

समुद्रकाठच्या बोर्डवॉक या मनोरंजन उद्यानातला १९२४चा लाकडी रोलर कोस्टर नातवंडांना जरूर दाखवा. पण शक्यतो बुधवार गाठा. त्या दुपारी गावात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. स्वच्छ ऊन हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा, आणि जूनमध्ये गेलात तर स्वेटर विसरू नका.