लष्कराच्या भाकऱ्या

जूनचा शेवटचा शनिवार. बाहेर पावसाची बुरबुर, शाळेच्या हॉलच्या दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग आणि फळ्यावर रंगीत खडूंनी लिहिलेलं ‘पालक सभा : सहर्ष स्वागत’. मुख्याध्यापिका बाईंचं प्रास्ताविक संपतं आणि तो अवघड प्रश्न येतो, ‘‘तर मग, कार्यकारी समितीसाठी कोण कोण नावं देतंय?’’ एवढा वेळ गप्पांनी भरलेला हॉल एकदम गप्प होतो. कुणाला पर्समधला रुमाल सापडेनासा होतो, कुणी चपलेचा अंगठा निरखू लागतं, कुणी मोबाइल कानाला लावून दाराकडे सरकतं. मग मागून आवाज येतो, ‘‘त्या बँकेतल्या ताई आहेत ना! त्यांना हिशोबाची सवय आहे.’’ सगळ्या माना वळतात. ताई ‘‘अहो नको, घरी सासूबाई आजारी असतात’’ असं म्हणेपर्यंत टाळ्या वाजलेल्या असतात. आपल्याकडे खजिनदार असे निवडले जातात.

खरं तर कायदा वेगळं सांगतो. महाराष्ट्राचा शाळांच्या फीसंबंधीचा २०११ सालचा जो कायदा आहे, त्यात शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा आणि त्याच्या कार्यकारी समितीवर इच्छुक पालकांमधून चक्क चिठ्ठ्या टाकून माणसं घ्यायची, असं सांगितलं आहे. वशिला नको, गटबाजी नको, म्हणून सोडत. कल्पना उत्तम. पण कायदा करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली, की इच्छुक पालक जागांपेक्षा जास्त असतील! मी पाहिलेल्या सभांत तरी डब्यात एकच चिठ्ठी असायची आणि ती मोठ्या गांभीर्यानं, एखाद्या लहान मुलीच्या हातून, सर्वांसमक्ष काढली जायची.

मी स्वतः मुलीच्या शाळेत तीन वर्षं अशा समितीवर होतो. त्याआधी सोसायटीच्या कमिटीवर, आणि लग्नाआधी गल्लीतल्या गणेश मंडळात. त्यामुळे ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं’ म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. चटके मात्र मोजायचे नसतात, असं मंडळातले जुने लोक म्हणायचे. आज जरा मोजतो.

पहिला चटका वेळेचा. सभा सहाची. सव्वासहाला तिघं. साडेसहाला पाच जण आणि चहाची किटली. सोसायटीच्या सभेच्या नोटिशीत खाली एक ओळ ठरलेली असते, की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेतली जाईल आणि तिला गणसंख्येचं बंधन राहणार नाही. उपविधीत सोय म्हणून ठेवलेली ही ओळ आम्ही सगळ्यांनी इतकी पाठ केली आहे, की खरी सभा ही तहकूब सभाच असते. पहिली सभा ही पंखे लावण्यापुरती. आणि ज्यांनी यायचं टाळलं, तेच दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये विचारतात, ‘‘काय, परस्पर ठरवलंत वाटतं सगळं?’’

दुसरा चटका चर्चेचा. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५०च्या दशकात एक गमतीशीर निरीक्षण मांडलं होतं. समितीपुढे अणुभट्टीचा प्रस्ताव आला तर तो काही मिनिटांत मंजूर होतो, कारण त्यातलं कुणालाच काही कळत नाही. सायकल ठेवायच्या शेडवर मात्र पाऊण तास वाद होतो, आणि बैठकीतल्या चहापाण्याच्या खर्चावर त्याहून जास्त. पार्किन्सनसाहेब आमच्या शाळेत कधी आले नसणार, पण आले असावेत असंच वाटतं. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव आमच्यापुढे आला, तेव्हा तो सात पानांचा होता. हा प्रस्ताव व्यवस्थापनानं सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो, समितीनं तो तपासायचा असतो. इमारतीचा घसारा, वेतन, राखीव निधी असे आकडेच आकडे. सगळ्यांनी पानं उलटली, मान डोलावली, सह्या केल्या. पाच मिनिटं. त्यानंतरचा विषय होता स्नेहसंमेलनात मुलांना काय खायला द्यायचं. वडापाव की इडली? वडापावात तेल, इडलीला चटणी, चटणीनं गणवेश खराब होतात, मग कोरडा खाऊ द्या, मग त्यात शेंगदाणे नकोत. साडेसात वाजले. शेवटी ठरलं काय, तर मागच्या वर्षी दिलं होतं तेच. मागच्या वर्षी काय दिलं होतं, ते कुणालाच आठवेना.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. जे नेता येत नाही, ते आता सांगतो.

आमच्या समितीच्या खजिनदार म्हणजे त्याच, टाळ्यांनी निवडून आलेल्या बँकेतल्या ताई. त्यांनी दोन वर्षं ते काम केलं. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात त्या बँकेतून परस्पर शाळेत यायच्या. मांडववाल्याशी घासाघीस त्यांची, लाऊडस्पीकरवाल्याला आगाऊ रक्कम त्यांनी पदरची दिलेली, मुलींच्या नाचाच्या साड्यांना पिना लावायलाही त्याच. सगळी बिलं एका जुन्या दिवाळी अंकाच्या प्लास्टिकच्या वेष्टनात घालून त्या पर्समध्ये ठेवायच्या. वार्षिक सभेत त्यांनी हिशोब वाचला. जमा, खर्च, शिल्लक. रुपया न् रुपया जुळलेला. आणि मग तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. ते दोन वर्षांत एकाही कामाला आले नव्हते, पण सभेला मात्र नियमित. त्यांनी विचारलं, ‘‘किरकोळ खर्च रुपये ३४०. याचं व्हाउचर कुठे आहे?’’

ताईंनी सांगितलं, की हॉलमधल्या खुर्च्या परत पोचवायला रात्री अकरा वाजता एक टेम्पोवाला मिळाला, त्यानं पावती दिली नाही. गृहस्थ म्हणाले, ‘‘पालकांचा पैसा आहे मॅडम. तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला नियम माहीत असायला हवेत.’’ आवाज चढा नव्हता. शब्दही वावगे नव्हते. पण ‘तुम्ही बँकेत आहात’ या तीन शब्दांच्या अलीकडे-पलीकडे जे होतं, ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. ताईंनी पर्स उघडली, त्यातून तीनशेचाळीस रुपये काढले, मोजले, टेबलावर ठेवले, वर हिशोबाची वही ठेवली आणि त्या निघून गेल्या. अध्यक्षस्थानी असलेल्या बाई ‘अहो, अहो’ म्हणाल्या. मग चहा आला.

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. त्या रात्री टेम्पोत खुर्च्या चढवायला मी होतो. टेम्पोवाल्याला पैसे देताना मी पाहिलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी बोललो नाही. का बोललो नाही, याची मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. वाद वाढला असता, मुलीची शाळा होती, ते गृहस्थ आमच्याच सोसायटीत राहतात, वगैरे. तेव्हापासून बरीच वर्षं झाली, पण ती कारणं अजून मला पटलेली नाहीत.

गृहस्थांचं चुकलं का? इथं थोडं थांबायला हवं. सार्वजनिक पैशाचा हिशोब मागणं हा गुन्हा नाही. उलट कुणीच विचारत नाही, म्हणून कितीतरी मंडळांच्या वर्गण्या आणि देवळांच्या दानपेट्या वर्षानुवर्षं अंधारात राहतात. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज द्यायचा, असा नियम आहे. तरी ज्यांच्या तसबिरीला हार घालून दहा वर्षं झाली, ते कागदोपत्री अजून विश्वस्त आहेत, असे न्यास तुम्हा-आम्हाला माहीत असतात. तेव्हा विचारणारा माणूस हवाच. फक्त त्यानं वर्षातून एकदा तरी खुर्ची उचललेली असावी, एवढंच माझं म्हणणं. आणि प्रश्न सभेत टाकण्याआधी दोन दिवस फोन करून विचारता येतो.

वसईकडचे माझे एक स्नेही तिथल्या चर्चच्या पॅरिश कौन्सिलवर होते. मी त्यांना हा किस्सा सांगितला, तर ते हसले. ‘‘तुम्हाला निदान मतदान तरी असतं,’’ म्हणाले. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेप्रमाणे धर्मग्रामाच्या कौन्सिलचं मत हे फक्त सल्ल्यापुरतं असतं. निर्णय फादरांचा. सणाच्या मिरवणुकीचा मार्ग, बँड कुठला, जेवणावळीचा खर्च, यावर चार-चार रात्री बसायचं, ठराव लिहायचा, आणि मग फादर शांतपणे म्हणायचे, ‘‘छान चर्चा झाली. बघू या.’’ फादर बदलून गेले की नवे फादर आणि पहिल्यापासून चर्चा. पण राग मात्र लोक फादरांवर काढत नाहीत, कौन्सिलवाल्यांवर काढतात. मांडवाचा खांब कुणाच्या अंगणात आला, म्हणून या स्नेह्यांशी शेजारी दोन वर्षं बोलत नव्हते. नाताळला कुसवार मात्र दोन्ही घरांतून जात-येत राहिला. मुलांच्या हातून.

असं वाटतं, की हे सगळं आपल्यासारख्या सामान्यांचं दुखणं. मोठी माणसं यातून सुटत असतील. तसं नाही. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुढल्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. टिळक आणि आगरकर हे एकाच वर्षी जन्मलेले, बरोबर शिकलेले, डोंगरीच्या तुरुंगातही एकत्र राहिलेले मित्र. देशासाठी शाळा काढली होती, पोटासाठी नाही. तरी संस्थेच्या आजीव सभासदांनी बाहेरची कामं आणि कमाई करावी की नाही, यावरून बैठकांत वर्षानुवर्षं कुरबुरी चालल्या. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, त्यावरून ठिणगी पडली आणि १८९०च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. तोही दोन ओळींचा नव्हे, सगळा इतिहास मांडणारा लांबलचक. पाच वर्षांनी, १८९५ साली, त्याच सार्वजनिक सभेच्या निवडणुकीत टिळकपक्षानं बहुमत मिळवलं आणि रानडे-गोखल्यांना बाहेर पडून १८९६ साली डेक्कन सभा काढावी लागली. तत्त्वांचे मतभेद होतेच, ते कोण नाकारतो? पण तो राजीनामा म्हणजे, मला वाटतं, दहा वर्षं एका टेबलाभोवती बसून थकलेल्या माणसाचाही राजीनामा आहे.

अलीकडे व्हॉट्सअॅपचा ग्रुप आला आणि सभा चोवीस तासांची झाली. पूर्वी आक्षेप घ्यायला उठून उभं राहावं लागे, चार माणसांच्या तोंडाकडे पाहून बोलावं लागे. आता रात्री साडेअकराला पांघरुणात पडल्या पडल्या ‘हिशोब कधी मिळणार?’ असं विचारता येतं, खाली नऊ जण अंगठे उमटवतात. त्यातले सात जण स्नेहसंमेलनाला फक्त आपल्या मुलाच्या नाचापुरते आलेले असतात.

आणि आणखी एक. आमच्या समितीत अर्ध्याहून जास्त बायका होत्या. पण अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची, माइक आणि आभारप्रदर्शन पुरुषांकडे. चहाचे कप मोजणं, पाहुण्यांचा नारळ आणि वही बायकांकडे. मी तीन वर्षं त्यातच होतो आणि एकदाही कप मोजले नाहीत. हे लिहिताना लक्षात येतंय.

ताईंनंतर खजिनदार कुणी होईना. त्या वर्षी सहल झाली नाही, कारण पैसे गोळा करायला माणूस नव्हता. व्हाउचर विचारणाऱ्या गृहस्थांना बाईंनी विनंती केली, तेव्हा त्यांना ऑफिसची ऑडिट होती. विज्ञान प्रदर्शन शिक्षकांनी कसंबसं उरकलं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच सभा, तीच शांतता. मी हात वर केला. शौर्य म्हणून नव्हे; मला ती खुर्ची टोचत होती.

त्या रविवारी सकाळी मी ताईंच्या घरी गेलो. वर्षभरात रस्त्यात भेट व्हायची, पण मान हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं. सासूबाई कॉटवर होत्या. ताईंनी पोहे केले. मी त्या सभेबद्दल जे बोलायचं होतं ते बोललो, अडखळत. त्यांनी ऐकून घेतलं. ‘‘जाऊ द्या हो,’’ असं त्या म्हणतील, असं मला वाटलं होतं. तसं त्या म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘‘तुम्ही बघितलं होतंत ना पैसे देताना?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो.

‘‘मला वाटलंच.’’

मग त्या आत गेल्या आणि एक व्हाउचर-बुक घेऊन आल्या. कोरं. त्याच वर्षी त्यांनी समितीसाठी आणून ठेवलं होतं, पण त्या रात्री ते शाळेच्या कपाटात कुलूपबंद होतं. ‘‘हे कायम पिशवीत ठेवा,’’ त्यांनी सांगितलं. ‘‘टेम्पोवाला असो, हारवाली असो, जागच्या जागी सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा. स्टँप पॅड पण लागेल तुम्हाला, ते मात्र माझ्याकडे नाही.’’